बुडालेल्या जहाजाला हवा बाधते

बालमित्रांनो, आपल्या शाळेची सहल पोर्ट्समथला 'मेरी रोझ' पाहायला गेली होती. परतताना कोचमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलाने विचारले, "काका, हे जहाज एवढी वर्षं समुद्रात होतं तेव्हा त्याला कुणी जपलं नाही. मग आता बाहेर काढल्यावर एवढं काचेमागे ठेवून का जपतात?" प्रश्न इतका नेमका होता की कोचमध्ये दोन वाक्यांत उत्तर देणे मला बरे वाटले नाही. मी काही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, आणि केमिस्ट्री इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकलो तेवढीच. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून लायब्ररीतून पुस्तके आणून वाचली. त्यातून जे समजले ते इथे लिहितो. जिथे अवघड वाटेल तिथे आईबाबांना विचारा. त्यांनाही जरा उजळणी होईल.

आधी जहाजाची ओळख. मेरी रोझ हे आठव्या हेन्री राजाचे लढाऊ जहाज. ते पोर्ट्समथलाच बांधले गेले आणि १९ जुलै १५४५ रोजी, फ्रेंच आरमाराशी लढाई चालू असताना, तिथूनच जवळ सोलंटच्या पाण्यात बुडाले. जहाजावर सुमारे ५०० माणसे होती, त्यांतली ३५ सुद्धा वाचली नाहीत. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी ते वर काढले, म्हणजे ४३७ वर्षे ते तळाशी होते. पण वर आले ते पूर्ण जहाज नव्हे. तुम्ही पाहिलेच आहे, एखादी बाहुलीची लाकडी कपाटी मधोमध उभी कापावी तसे ते दिसते. उजवी बाजू आहे, डावी जवळजवळ नाही.

या अर्ध्या जहाजातच आपल्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात आहे. जहाज बुडाले ते उजव्या कुशीवर कलंडून. ती बाजू तळाच्या मऊ चिखलात रुतली आणि थोड्याच काळात गाळाखाली झाकली गेली. डावी बाजू वर, उघड्या पाण्यात राहिली. उघड्या समुद्रात लाकडाला शत्रू पुष्कळ. त्यात सर्वांत खादाड म्हणजे 'शिपवर्म'. दिसतो अळीसारखा, पण असतो शिंपल्याचा भाऊबंद. हा प्राणी लाकडात लांबच लांब भोके पाडत जातो आणि चांगली जाड फळी चाळणीसारखी करून टाकतो. शिवाय बुरशी आहे, लाटा आहेत, भरती-ओहोटीचे प्रवाह आहेत. डावी बाजू त्यांनी खाल्ली. उजवी बाजू वाचली, कारण गाळाखाली प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, आणि प्राणवायू नसला तर शिपवर्मही जगत नाही आणि लाकूड कुजवणारी बुरशीही नाही.

म्हणजे गाळातले लाकूड जसेच्या तसे राहिले का? तर नाही. इथे लाकूड मुळात कशाचे बनलेले असते ते पाहू.

तुमच्यापैकी ज्यांचे आजोळ कोकणात किंवा मावळात आहे त्यांनी कदाचित कुडाची भिंत पाहिली असेल. कारवीच्या काठ्या जवळजवळ उभ्या करून विणायच्या आणि त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा. काठ्यांमुळे भिंतीला ताकद येते, लेपामुळे ती एकसंध आणि घट्ट होते. लाकडाची पेशीसुद्धा साधारण अशीच. सेल्युलोज नावाच्या पदार्थाचे लांब धागे म्हणजे तिच्या काठ्या, आणि लिग्निन नावाचा पदार्थ म्हणजे लेप. दोघांना बांधून ठेवणारा आणखी एक पदार्थ असतो, हेमिसेल्युलोज. त्याला सुंभ म्हणा.

गाळात प्राणवायू नसला तरी काही चिवट जिवाणू असतातच. ते अगदी सावकाश, शेकडो वर्षे घेऊन, सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज खातात. लिग्निन मात्र त्यांना फारसे पचत नाही. म्हणजे काठ्या आणि सुंभ गेले, लेप उरला. आणि काठ्यांच्या जागी काय आले? पाणी. भिंतीचा आकार तोच, रेघ न् रेघ तीच, सुताराच्या पटाशीची खूणसुद्धा दिसते. पण ती भिंत आता पाण्याच्या आधाराने उभी असते. वरच्या थरात हे जास्त होते, जाड तुळईच्या गाभ्यापर्यंत जिवाणू सहसा पोचत नाहीत. म्हणून पाण्यातून काढलेल्या जुन्या लाकडाला बोटाने दाबले तर वरचा भाग कधी ओल्या पावासारखा दबतो आणि आत मात्र टणक लागते.

असे लाकूड उन्हात किंवा नुसते खोलीत वाळत ठेवले तर काय होईल? द्राक्षाचे जे होते तेच. द्राक्ष वाळले की त्याचा बेदाणा होतो. पाणी बाहेर जाताना आतल्या नाजूक भिंतींना ओढत नेते, कारण पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. (या ताणामुळेच पाण्यावर सुई तरंगते, तो प्रयोग आपण मागे वर्गात केला होता.) ताज्या लाकडाच्या भिंती हा ताण सहन करतात. ज्यांच्या काठ्या गेल्या आहेत त्या भिंती आत कोसळतात. लाकूड आकसते, पिळवटते, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात, आणि एकदा असे झाले की परत पाण्यात टाकूनही ते पूर्वीसारखे होत नाही.

यावर तोडगा आपल्या आज्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याला मोरावळा म्हणतात! आवळा नुसता वाळवला तर सुकून खडा होतो. पण टोचून, साखरेच्या पाकात ठेवला की आतले पाणी हळूहळू बाहेर येते, त्या जागी पाक शिरतो, आणि आवळा वर्षभर तसाच गोल गरगरीत राहतो. पाण्यात मुरलेल्या लाकडाचेही तसेच करतात. पाण्याच्या जागी असे काहीतरी भरायचे, जे उडून जाणार नाही. काही ठिकाणी खरोखरच साखरेचा पाक वापरला आहे. पण मोठ्या जहाजांसाठी जास्त चालतो तो पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा, पाण्यात विरघळणारा पदार्थ. नाव लांबलचक आहे म्हणून सगळे त्याला 'पेग' म्हणतात. तुमच्या घरातल्या क्रीममध्ये आणि काही टूथपेस्टमध्येही तो असतो. त्याचे रेणू लहान-मोठ्या साखळ्यांचे मिळतात. लहान साखळ्या गाभ्यातल्या घट्ट लाकडात शिरतात, मोठ्या साखळ्या बाहेरच्या कुजलेल्या थराला भरून काढतात. आणि मोरावळ्याचा जो नियम तोच इथे: आधी पातळ, मग हळूहळू दाट. एकदम दाट पाकात टाकला तर आवळाही सुरकुततो.

जाता जाता तुरटीची गोष्ट सांगतो, कारण ती पुढे उपयोगी पडेल. १९०४ साली नॉर्वेमध्ये ओसेबर्ग येथे एका टेकाडाखालून वायकिंग लोकांचे पुरलेले जहाज उकरून काढले. त्यात कोरीव घसरगाड्या, एक गाडी, अशा सुंदर लाकडी वस्तू होत्या. त्या काळी पेग नव्हते. मग बऱ्याच वस्तू तुरटीच्या गरम पाण्यात ठेवल्या. थंड झाल्यावर तुरटीचे खडे लाकडात धरतात आणि आकार टिकतो. वस्तू छान टिकल्या असे सर्वांना वाटले. पण तुरटीच्या पाण्याला बराच वेळ उष्णता दिली की त्यातून थोडे गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक अॅसिड, तयार होते. ते लाकडात राहिले, आणि आज शंभर वर्षांनी त्यांतल्या काही वस्तू बाहेरून साबूत आणि आतून भुगा अशा अवस्थेत आहेत. त्या काळच्या लोकांनी मन लावून, त्यांच्याजवळ होते त्या ज्ञानाने काम केले होते. मला त्यांना नावे ठेवाविशी वाटत नाहीत.

आता 'वासा'कडे वळतो, कारण सर्वांना खडबडून जागे केले ते तिने. वासा हे स्वीडनच्या राजाचे मोठे दिमाखदार जहाज, ६४ तोफांचे. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीला निघाले आणि दीड किलोमीटरसुद्धा न जाता, वाऱ्याच्या झुळकीने कलंडून, बंदरातच बुडाले. वरचा बोजा फार, तळाला वजन कमी. सुमारे ३२ मीटर खोल पाण्यात ते ३३३ वर्षे पडून होते. बाल्टिक समुद्राचे पाणी फारसे खारट नाही, त्यामुळे तिथे शिपवर्म नाही. २४ एप्रिल १९६१ रोजी ते वर आले तेव्हा जवळजवळ अखंड होते. मग १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षे त्यावर पेगचे फवारे मारले, पुढे नऊ वर्षे सावकाश वाळवले, आणि १९९० मध्ये ते स्वतःच्या नव्या संग्रहालयात लोकांसाठी खुले झाले. जगभरातल्या तज्ज्ञांनी मान डोलावली. काम फत्ते झाले, असे सगळ्यांनाच वाटले.

२००० सालचा उन्हाळा स्टॉकहोममध्ये फार पावसाळी गेला. ओले कोट घालून हजारो प्रवासी संग्रहालयात येत होते. आतली हवा दमट झाली. आणि जहाजाच्या लाकडावर पांढरट-पिवळसर पापुद्रे फुटू लागले, जुन्या घराच्या भिंतीवर लोणा फुटतो ना तसे. कागदाची पट्टी लावून पाहिली तर आम्लाचे प्रमाण जबरदस्त. लिंबाच्या रसाहूनही अधिक आंबट, अशा काही जागा निघाल्या. इथे तर तुरटी वापरली नव्हती. मग आम्ल आले कुठून?

याचे उत्तर शोधायला लाकडाचे पातळ नमुने घेऊन अमेरिकेत स्टॅनफर्डला पाठवावे लागले. तिथे सिंक्रोट्रॉन नावाचे यंत्र आहे. एका मोठ्या गोल मार्गात विद्युत्कण अतिवेगाने पळवतात आणि त्यातून अतिशय प्रखर क्ष-किरण मिळतात. (आपल्या इंग्लंडमध्येही ऑक्सफर्डशायरमध्ये 'डायमंड' नावाचे असे यंत्र आहे, मेरी रोझच्या लाकडाची तपासणी तिथे झाली आहे.) हे किरण लाकडात गंधक आहे एवढेच सांगत नाहीत, ते कोणत्या रूपात आहे तेही सांगतात. वासाच्या लाकडात गंधक होते, आणि ते भरपूर होते.

हे गंधक जहाज बांधताना घातलेले नव्हते. ते समुद्राने, म्हणजे समुद्रातल्या जिवाणूंनी दिले. समुद्राच्या खारट पाण्यात मिठाशिवाय सल्फेट नावाचे क्षारही असतात. उघड्या महासागरात एका लिटरमध्ये साधारण पावणेतीन ग्रॅम. जिथे प्राणवायू नाही अशा गाळात काही जिवाणू श्वासासाठी प्राणवायूऐवजी हेच सल्फेट वापरतात. आपण प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. ते सल्फेट घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. या वायूचा वास तुम्हाला चांगला माहीत आहे. आईने चाटसाठी काळ्या मिठाचा डबा उघडला की नाक धरता ना? तोच. काळ्या मिठाला मराठीत पादेलोण म्हणतात, ते का, हे वेगळे सांगायला नको. (मुलांनो, हसून झाले असेल तर पुढे वाचा.)

स्टॉकहोमच्या बंदरात तर शहराचे सांडपाणी शेकडो वर्षे पडत होते. कुजायला माल जितका जास्त तितका पाण्यातला प्राणवायू कमी आणि या जिवाणूंची चंगळ. हा वायू पाण्यात विरघळून लाकडाच्या भोकाभोकांत शिरला. त्यातला काही लिग्निनला चिकटून बसला. आणि काही लोखंडाला भेटला. जहाजाच्या फळ्या जोडायला हजारो लोखंडी बोल्ट ठोकलेले होते. पाण्याखाली ते गंजून विरघळले आणि लोखंड आजूबाजूच्या ओकमध्ये झिरपले. लोखंड आणि गंधक मिळून आयर्न सल्फाइड झाले. त्याचाच एक प्रकार पायराइट, सोन्यासारखा चमकणारा दगड, तुम्ही संग्रहालयाच्या दुकानात पाहिला असेल.

आता मजा बघा. पाण्याखाली, प्राणवायू नसताना, हे गंधक अगदी निरुपद्रवी आहे. उलट त्या वासाच्या वायूने इतर जीवांना पिटाळून लावले आणि जहाज वाचवले असेही म्हणता येईल. तीनशे वर्षे ते लाकडात झोपून होते. जहाज वर काढले, हवा लागली आणि ते जागे झाले. आयर्न सल्फाइड, प्राणवायू आणि थोडा दमटपणा, तिघे एकत्र आले की दोन गोष्टी बनतात: एक हिराकस, म्हणजे लोखंडाचे हिरवट क्षार, आणि दुसरे गंधकाम्ल. आमच्या धंद्यात अशी उदाहरणे नेहमी भेटतात. प्रोग्रॅममध्ये एखादी चूक वर्षानुवर्षे पडून असते, कुणाला काही त्रास नाही. मग परिस्थितीत एक लहानसा बदल होतो, आणि सोमवारी सकाळी फोन खणखणू लागतात. शोधायला गेले तर चूक वीस वर्षांपूर्वीची निघते. वासाच्या बाबतीत ती तीनशे वर्षांपूर्वीची होती.

२००२ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की वासाच्या लाकडात सुमारे २ टन गंधकाम्ल आधीच तयार झाले आहे आणि उरलेल्या गंधकातून आणखी सुमारे ५ टन होऊ शकते. मेरी रोझचा हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला: सुमारे २८० टन ओकमध्ये सुमारे २ टन गंधक. मोठ्या मुलांनी हे गणित करून पाहावे. गंधकाचे ३२ ग्रॅम घेतले तर त्यापासून ९८ ग्रॅम गंधकाम्ल होते. म्हणजे सगळ्या २ टनांचे आम्ल झाले तर ते ६ टनांच्या वर जाईल! सगळ्याचे होईलच असे नाही, आणि झाले तरी फार सावकाश होईल. पण एवढा दारूगोळा आत आहे हे माहीत असलेले बरे. दोन्ही जहाजांत एक फरकही दिसला. वासामध्ये गंधक मुख्यतः बाहेरच्या काही सेंटिमीटरमध्ये आहे. मेरी रोझच्या तुळयांमध्ये ते आरपार पसरलेले आहे.

आम्ल लाकडाचे काय करते? सेल्युलोजचा धागा म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब माळ. आम्ल त्या माळेची दोरी मधूनमधून तोडत जाते. मणी सगळे तिथेच असतात, पण माळ राहत नाही. जिवाणूंनी काठ्या बाहेरून खाल्ल्या होत्या. आता गाभ्यातल्या शाबूत काठ्याही ठिसूळ व्हायला लागतात. आणि लोखंड इथे दुहेरी वैरी आहे. ते आम्ल बनण्याचा वेग वाढवते, शिवाय प्राणवायूच्या मदतीने लाकडावर स्वतःही हल्ला करते. या हल्ल्यात स्वतः खर्च न होता ते पुन्हा पुन्हा कामाला येते, म्हणून थोडे लोखंडही पुरते. पुढच्या तपासणीत वासाच्या खोल गाभ्यात ऑक्झॅलिक आम्लही सापडले. अळू नीट शिजला नाही तर घसा खाजतो, त्याच्या मुळाशी याच आम्लाचे क्षार असतात. म्हणजे दोष एकट्या गंधकाचा नाही. माझ्या वाचनातून माझे तरी असे मत झाले की लोखंड हाच मोठा गुन्हेगार आहे.

ओक आणि लोखंड यांचे तसेही जमत नाही. ओकमध्ये टॅनिन नावाचा तुरट पदार्थ भरपूर असतो. आवळा लोखंडी विळीवर चिरला की पाते आणि आवळा दोन्ही काळे पडतात, ते याच टॅनिन आणि लोखंडामुळे. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत, तिचेही तत्त्व हेच. ओकच्या फळीत लोखंडी खिळा ठोकला की फळीही काळी पडते आणि खिळाही लवकर झिजतो. सागवानाचे असे नाही. त्यातल्या तेलामुळे लोखंड बरेच सुरक्षित राहते. म्हणून इंग्रजांनी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधून घेतली. त्यातले 'ट्रिंकोमाली' हे जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईत बांधले आणि ते १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडले. ते आजही हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. पुढची सहल तिकडे काढावी अशी माझी शिक्षिकाबाईंना विनंती आहे.

मग उपाय काय? पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो असा की आम्ल आहे ना, मग खाण्याचा सोडा लावा. स्टॉकहोमला तो करूनही पाहिला, सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या जाड पट्ट्या लाकडावर ठेवून. वरचे आम्ल जाते, पण आतले गंधक तसेच राहते आणि पुन्हा आम्ल बनते. शिवाय सोडा जास्त झाला तर तोही लाकडाला बाधतो. सुट्या लहान वस्तूंसाठी लोखंडाला पकडून बाहेर खेचणारी द्रावणे आहेत. पण संबंध जहाज कोणत्या पातेल्यात बुडवणार?

म्हणून वासाच्या लोकांनी दोन गोष्टी हाती घेतल्या. एक म्हणजे हवा. २००४ मध्ये संग्रहालयाची वातानुकूलन यंत्रणा सुधारली आणि दमटपणा जवळजवळ एका पातळीवर राहील अशी व्यवस्था केली. दुसरी म्हणजे बोल्ट. १९६१ नंतर जहाज पुन्हा जोडताना पाच हजारांहून अधिक नवे लोखंडी बोल्ट घातले होते आणि आता तेही गंजत होते. २०११ ते २०१८ या काळात ते एकेक करून काढले आणि गंज न लागणाऱ्या खास पोलादाचे बसवले. कल्पना करा, पाच हजार बोल्ट, आणि भोवतालचे लाकूड चारशे वर्षांचे! यासाठी वेगळी अवजारे तयार करावी लागली. वासाची ताकद मुळात घटलेली असल्याने ते जहाज स्वतःच्या वजनाने अगदी किंचित खाली बसतही असते, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणून त्याच्या अंगावर खुणा लावून मोजमाप सतत चालू असते.

मेरी रोझचे नशीब जरा बरे. वासाचे हाल समजले तेव्हा ती अजून ओलीच होती. १९८२ पासून तिच्यावर थंड गोड्या पाण्याचे फवारे चालू होते, १९९४ पासून पेगचे. ओल्या लाकडात प्राणवायू फार सावकाश शिरतो, त्यामुळे गंधक पुष्कळसे झोपलेलेच राहिले आणि विचार करायला वेळ मिळाला. २९ एप्रिल २०१३ रोजी फवारे बंद केले, मग तीन वर्षे नियंत्रित हवेत तिला वाळवले. आता त्या दालनात दमटपणा सुमारे ५४ टक्के ठेवतात. तुम्ही आत जाताना एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नव्हते आणि काहींनी कुरकुर केली होती, ते दार याचसाठी. बाहेरची दमट हवा आणि तुमचे ओले अनोरॅक, दोघांनाही जहाजापासून जरा लांब ठेवायचे असते.

संशोधनही थांबलेले नाही. तिथल्या शास्त्रज्ञांनी स्ट्रॉन्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण करून मेरी रोझच्या लाकडाच्या नमुन्यांत भरून पाहिले. आम्ल तयार होताच हे कण त्याला पकडतात आणि त्याचे न विरघळणाऱ्या, निरुपद्रवी क्षारात रूपांतर करतात. सोड्यापेक्षा हे शहाणपणाचे, कारण कण लाकडातच पहारा देत बसतात. २०२१ मध्ये आणखी एक शोध लागला. फ्रान्समध्ये ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉनवर तपासताना मेरी रोझच्या लाकडात जस्त आणि गंधक यांचे इतके बारीक कण सापडले की एका मिलिमीटरमध्ये असे लाखभर कण ओळीने बसतील. तेही जिवाणूंचेच काम. म्हणजे गंधकाचे एक गोदाम आजवर कुणाला दिसलेच नव्हते!

हे सगळे वाचल्यावर प्रश्न पडतो की बुडालेली जहाजे वर काढावीत तरी का. युनेस्कोने २००१ मध्ये पाण्याखालच्या वारशाबद्दल करार केला, त्यात पहिला पर्याय म्हणून जिथे आहे तिथेच ठेवण्याचा विचार करावा असे म्हटले आहे. काही ठिकाणी तर सापडलेले लाकूड मोजून, चित्रे काढून पुन्हा गाळाखाली पुरतात. घरातली मौल्यवान वस्तू कपाटात ठेवून विसरावी तसे हे काहींना वाटेल. मला मात्र दोन्ही पटते. सगळीच जहाजे वर काढली तर सांभाळणार कोण, आणि एकही काढले नसते तर कोचमध्ये तो प्रश्न तरी कुणाला सुचला असता?

आता घरी करायचा प्रयोग. मोठ्यांना सोबत घ्या. दोन कपांत बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा गार करून घ्या. चहातही टॅनिन असते. एका कपात साधा लोखंडी खिळा टाका (जस्ताचा चकचकीत मुलामा असलेला नको) आणि व्हिनेगरचे चार थेंब घाला. दुसऱ्या कपात तेवढेच व्हिनेगर घालून स्टेनलेस स्टीलचा चमचा ठेवा. दोन दिवस हलवू नका. मग दोन्ही कप पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून रंग पाहा, आणि वासाचे बोल्ट का बदलले ते स्वतःच्या शब्दांत, मराठीत, पाच ओळींत लिहून पुढच्या शनिवारी आणा. खिळ्याच्या कपातला चहा मात्र कुणी पिऊ नका, आणि कप आईच्या चांगल्या सेटमधला घेऊ नका.